तापवलेलं सीरम, खोटा ‘नॉर्मल’ रिपोर्ट : प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

नोकरीला लागून मला जेमतेम महिना झाला होता. एका संशयित संसर्गजन्य रुग्णाचं सीरम आलं. वरिष्ठांनी सांगितल्याप्रमाणे मी ते ५६ अंशांवर अर्धा तास तापवलं, ॲनालायझरला लावलं आणि रिपोर्ट पाठवून दिला. युरिया वाढलेला, क्रिएटिनिन वाढलेलं, सीके (क्रिएटिन कायनेज, स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) मात्र अगदी नॉर्मल. तासाभराने वॉर्डातून डॉक्टरांचा फोन आला, “याची लघवी चहासारखी काळपट आहे, स्नायू दुखून हलता येत नाही, आणि तुमचा सीके नॉर्मल कसा?” मी क्यूसी (यंत्राची गुणवत्ता तपासणी) दाखवलं, रीएजंटची तारीख दाखवली. दोन्ही बरोबर होतं. चूक होती ती वॉटर बाथमधल्या त्या अर्ध्या तासात. सीके नावाचं एन्झाइम तिथेच निकामी झालं होतं आणि यंत्राने शिल्लक राहिलेलं तेवढं प्रामाणिकपणे मोजलं होतं.

तापवल्याने बिघडलेला रिपोर्ट बिघडलेला दिसत नाही, हीच यातली खरी गोची आहे. हिमोलाइज्ड (लाल पेशी फुटलेलं) सॅम्पल लाल दिसतं, चरबीचं सॅम्पल दुधाळ दिसतं. तापवलेलं सीरम मात्र साधारण नेहमीसारखंच दिसतं आणि वाढलेल्या आकड्याला गुपचूप नॉर्मलमध्ये आणून बसवतं. म्हणून सॅम्पल वॉटर बाथमध्ये ठेवण्याआधी पुढचं एकदा नीट वाचा.

१. आधी विचारा : तापवायचं कशासाठी?

प्रयोगशाळेत सीरम दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी तापवलं जातं आणि नवीन माणूस त्यांची हमखास गल्लत करतो.

पहिलं कारण कॉम्प्लिमेंट. सीरममधली कॉम्प्लिमेंट प्रथिनं (शरीराच्या रोगप्रतिकारातली प्रथिनं) काही सेरॉलॉजी, म्हणजे प्रतिपिंडं शोधणाऱ्या, तपासण्यांत ढवळाढवळ करतात. ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटांत ती निष्क्रिय होतात. व्हीडीआरएल ही सिफिलिसची तपासणी करताना सीरम तापवतात ते यासाठी, जंतू मारण्यासाठी नव्हे. तापवल्यावर चार तासांपेक्षा जास्त वेळ गेला, तर तपासणीआधी तेच सीरम पुन्हा ५६ अंशांवर १० मिनिटं तापवावं लागतं. व्हीडीआरएलसाठी आलेलं मेंदूमज्जाजल तापवत नाहीत. आरपीआर या सिफिलिसच्याच दुसऱ्या तपासणीच्या अँटिजेनमध्ये कोलीन क्लोराइड असतं, त्यामुळे तिथे सीरम तापवण्याची गरजच पडत नाही.

दुसरं कारण जंतू. एबोला, लासा यांसारख्या रक्तस्रावी तापाच्या विषाणूंसाठी ६० अंशांवर ६० मिनिटं ही पद्धत बरीच वर्षं वापरात आहे. एचआयव्ही नवीन होता त्या काळात, म्हणजे १९८०च्या दशकात, अनेक ठिकाणी ५६ अंश आणि ३० मिनिटं असं चाले. कोविडच्या पहिल्या लाटेत तोच आकडा पुन्हा सगळ्यांच्या तोंडी झाला.

इथला सापळा असा, की ५६ अंश आणि अर्धा तास म्हणजे सॅम्पल ‘निर्जंतुक’ झालं असं लोक धरून चालतात. ते तसं होत नाही. ज्यांना चरबीचं आवरण असतं ते बरेच विषाणू उष्णतेला लवकर शरण जातात, पण हिपॅटायटिस बी चिवट आहे आणि हिपॅटायटिस ए सुद्धा. अँथ्रॅक्सच्या बीजाणूंना तर ही उष्णता म्हणजे उबदार दुपार. अल्ब्युमिनचं इंजेक्शन सुरक्षित करायला ६० अंशांवर १० तास पाश्चरायझेशन करतात, तेही प्रथिन टिकवणारी द्रव्यं मिसळून. यावरून अर्ध्या तासाची लायकी समजा. एका संसर्गासाठी तापवलेल्या नळीत दुसरा संसर्ग जिवंत असू शकतो, त्यामुळे तापवल्यानंतरही हातमोजे काढायचे नाहीत.

२. हाताशी काय काय हवं

सामान :
– वॉटर बाथ किंवा ड्राय ब्लॉक, तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास स्थिर ठेवणारा
– कॅलिब्रेशन झालेला वेगळा थर्मामीटर (यंत्राच्या पडद्यावरचा आकडा धरायचा नाही)
– स्क्रू-कॅपच्या, आत रबरी रिंग असलेल्या छोट्या नळ्या
– टायमर
– क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेट (जंतू बाहेर येऊ न देणारं, हवा गाळणारं कपाट)
– झाकणबंद बकेट असलेला सेंट्रीफ्यूज
– हातमोजे, गाऊन, डोळ्यांचं संरक्षण, आणि त्या दिवशीचं ताजं जंतुनाशक

कागदपत्रं :
– तुमच्या प्रयोगशाळेची सहीची एसओपी (कामाची लिखित पद्धत), ज्यात तापमान आणि वेळ दोन्ही लिहिलेले असतील
– वापरत असलेल्या प्रत्येक किटचं माहितीपत्रक
– थर्मामीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र
– तापवण्याची नोंदवही : सॅम्पल क्रमांक, आत ठेवल्याची वेळ, काढल्याची वेळ, तापमान, सही
– सॅम्पल सांडल्यास काय करायचं त्याचा कागद, समोर चिकटवलेला
– तुमची स्वतःची हिपॅटायटिस बी लसीची नोंद

किटच्या माहितीपत्रकाला मी इतकं महत्त्व का देतो ते सांगतो. ‘तापवलेलं सीरम वापरू नये’ अशी ओळ पुष्कळ एलायझा (प्लेटवर प्रतिपिंडं किंवा अँटिजेन शोधणाऱ्या) किटमध्ये छापलेली असते, बारीक अक्षरात, ‘मर्यादा’ या मथळ्याखाली. आणि नेमकं तेच पान खोक्यातून काढून कचऱ्यात जातं.

३. कोणती ट्यूब तापवायची, कोणती नाही

सीरम तापवता येतं. बाकी बहुतेक सगळ्याला नाही म्हणायला शिका.

जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब, म्हणजे सबंध रक्त, कधीच नाही. साधारण ५० अंशांनंतर लाल पेशींच्या आवरणातली प्रथिनं ढासळतात आणि पेशींचे तुकडे पडायला लागतात. काउंटरला ते तुकडे प्लेटलेट वाटतात, हिमोग्लोबिन बाहेर सांडलेलं असतं, पांढऱ्या पेशींचा आकार ओळखता येत नाही. अशा रक्ताच्या सीबीसीला काहीच अर्थ नाही आणि स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, तोही वाया जातो.

निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूबही नाही. फायब्रिनोजेन ५६ अंशांच्या आसपास साकळून खाली बसतं. पशुवैद्यकीय प्रयोगशाळांत तर याच गुणधर्मावर फायब्रिनोजेन मोजतात : केशनळीतला प्लाझ्मा ५६ ते ५८ अंशांवर तीन मिनिटं ठेवायचा, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचा आणि बसलेला थर मोजायचा. म्हणजे एकाची तपासणी पद्धत ती दुसऱ्याची बरबादी. माझ्या एका सहकाऱ्याने नवीन असताना सायट्रेट प्लाझ्मा तापवला होता. बाहेर काढल्यावर नळी तिरकी करून पाहिली, तर आत खरवसासारखं काहीतरी हललं. त्याने फिरवून वरचं पाणी घेतलं आणि पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी) लावली. अर्थात गुठळी झालीच नाही. फायब्रिनोजेन खाली बसलेलं, फॅक्टर पाच आणि आठ उष्णतेने गेलेले, मग गुठळी व्हायची कशाची? सुदैवाने त्याने रिपोर्ट सोडण्याआधी विचारलं.

हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन प्लाझ्मालाही हाच रोग लागतो. तो तापवावाच लागला तर नंतर पुन्हा फिरवा आणि वरचा स्वच्छ भागच घ्या, नाहीतर ॲनालायझरच्या प्रोबमध्ये तो गाळ अडकतो. मग अख्खी दुपार प्रोब साफ करण्यात जाते, आणि तेही संसर्गजन्य सॅम्पलच्या गाळाने तुंबलेला.

गुठळीवरच असलेलं सीरम तसंच बाथमध्ये टाकणं हाही प्रकार मी पाहिला आहे. खाली पेशी फुटतात आणि पोटॅशियम, तसंच एलडीएच, एएसटी ही पेशींतली एन्झाइमं वर चढतात. आधी सीरम वेगळं करायचं, मग तापवायचं. पण हे वेगळं करण्याचं काम जिवंत जंतूंच्या सान्निध्यात होतं, म्हणून ते बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच. रक्त काढल्यापासून सीरम वेगळं होईपर्यंत ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरत असतं. तो दोष नंतर उष्णतेच्या माथी मारू नका.

४. प्रत्यक्ष तापवताना

बाथ सुरू करा आणि तापमान स्थिर होईपर्यंत वाट पाहा. सॅम्पलइतकंच पाणी भरलेली एक डमी नळी घ्या, तिच्यात थर्मामीटर घालून ती सॅम्पलच्या शेजारी ठेवा. डमी नळीतला पारा ५६ ला (किंवा ६० ला) पोहोचला की टायमर सुरू. नळी पाण्यात बुडवली त्या क्षणापासून मोजणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे. सीरम थंड खोक्यातून आलेलं असतं, नळी जाड असते, आणि ड्राय ब्लॉकमध्ये तर नळी व भोक यांच्या मधली हवाच उष्णता अडवून धरते. आमच्या एका ब्लॉकचा पडदा ५६ दाखवत असताना नळीत ५३ होते. तीन अंशांचा हा फरक विषाणूसाठी जीवदान असतो.

प्रत्येक नळीत सारखंच सीरम घ्या, अर्धा ते एक मिली पुरे. पाण्याची पातळी सीरमच्या पातळीच्या वर, पण झाकणाच्या खाली. झाकण घट्ट लावा. सैल राहिलं तर वाफ निघून जाते, सीरम आटतं आणि सोडियमपासून युरियापर्यंत सगळंच थोडं थोडं चढतं. वेळ संपली की नळ्या सामान्य तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमलेले असतात. नळी हलकेच उलटसुलट करून ते पुन्हा सीरममध्ये मिसळा, थोडं फिरवा आणि मग पिपेट लावा. हे थेंब विसरलात तर आटलेलंच सीरम मोजाल.

आणखी एक. झाकणाच्या कडेला लागलेल्या सीरमला बाथमधली पुरती उष्णता मिळालेली नसते. ते थेंब अजून जिवंत धरा आणि नळी कॅबिनेटमध्येच उघडा.

५. बायोकेमिस्ट्री : कोण टिकतं, कोण पडतं

सोपा नियम असा, की लहान रेणू टिकतात आणि ज्यांचं काम त्यांच्या घडीवर अवलंबून असतं ते पडतात. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, युरिया, क्रिएटिनिन, युरिक ॲसिड, ग्लुकोज आणि बिलिरुबिन यांच्यावर ५६ अंशांचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही, ६० अंशांवर तासभर ठेवूनही ते बऱ्यापैकी विश्वासार्ह राहतात. पण झाकण घट्ट असेल तरच, आणि बिलिरुबिनला उजेडापासून जपलं असेल तरच. एकूण प्रथिन आणि अल्ब्युमिन थोडे इकडेतिकडे होतात, किती ते मोजण्याच्या पद्धतीवर आहे. बायकार्बोनेट उतरतं कारण कार्बन डायऑक्साइड उडून जातो. अमोनिया उलट वाढतो, त्यामुळे तापवलेल्या सॅम्पलवर अमोनिया लावूच नका.

आता एन्झाइमं.

सीके सगळ्यात नाजूक, ५६ अंशांनाच जवळजवळ संपतो. अल्कलाइन फॉस्फेटेज पुढचा. एलडीएच त्यांच्या पाठोपाठ, पण त्यातही यकृताकडून येणारा पाचवा प्रकार लवकर जातो आणि हृदयाकडचा पहिला प्रकार तग धरतो. एएलटी आणि जीजीटी ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइमं ५६ अंशांचा अर्धा तास कसाबसा निभावतात, ६० चा तास मात्र त्यांनाही जड जातो. एएसटी त्या मानाने दणकट. आता एएलटी उतरला आणि एएसटी टिकला, तर त्यांचा भागाकार बदलणारच. तो भागाकार पाहून यकृताच्या आजाराबद्दल अंदाज बांधणारे डॉक्टर असतात आणि त्यांना तुमच्या वॉटर बाथबद्दल काहीच माहीत नसतं.

अल्कलाइन फॉस्फेटेजपाशी जरा थांबू, कारण सुधारणेचा गुणक का चालत नाही हे तिथे नीट कळतं. नवीन माणसाच्या डोक्यात हा विचार येतोच : तापवल्यावर सरासरी इतकं कमी होतं ना, मग आलेल्या आकड्याला तितक्याने गुणून टाकू. माझ्याही आला होता. पण हे एन्झाइम एकजिनसी नाही. हाडाकडून आलेलं उष्णतेला लगेच बळी पडतं, यकृताचं थोडं सावकाश, आणि गर्भवतीच्या वारेतून आलेलं तर ६५ अंशांवर अर्धा तास ठेवलं तरी हूं की चूं करत नाही. पूर्वी हाडाचं की यकृताचं हे ठरवायला मुद्दाम ५६ अंशांवर दहा मिनिटं तापवून उरलेलं एन्झाइम मोजायचे. आता तीन सॅम्पल डोळ्यांसमोर आणा : हाडं वाढत असलेलं मूल, कावीळ झालेला माणूस, आठव्या महिन्यातली गर्भवती. तिघांचाही मूळ आकडा समजा सारखाच. एकाच बाथमध्ये, एकाच वेळी तापवून काढल्यावर तिघांचे आकडे तीन ठिकाणी जातील. गुणक कोणाचा लावणार?

६. सेरॉलॉजी आणि पीसीआर

आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं ५६ अंशांना बहुधा तगतात, आयजीएम प्रकारची जास्त हळवी. पण तगतात याचा अर्थ जशीच्या तशी राहतात असा नाही. उष्णतेने आयजीजीचे रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे तयार होतात. ६३ अंशांच्या आसपास तर हे इतकं खात्रीने होतं, की संशोधनासाठी असे गठ्ठे मुद्दाम तसेच बनवतात. हे गठ्ठे एलायझाच्या प्लेटला चिकटले की खोटा पॉझिटिव्ह. १९८५ साली एचआयव्हीचे पहिले एलायझा किट आले. तेव्हा सुरक्षिततेसाठी तापवलेली सीरम खोटी पॉझिटिव्ह येत असल्याचं लवकरच लक्षात आलं. म्हणजे बायोकेमिस्ट्रीत उष्णता आजार लपवते आणि सेरॉलॉजीत नसलेला आजार दाखवू शकते.

कॉम्प्लिमेंटची तपासणी, म्हणजे सीएच-५०, तापवलेल्या सीरमवर करणं म्हणजे विझवलेल्या चुलीची धग मोजणं.

पीसीआरबाबत : उष्णतेने विषाणूचा आरएनए काही प्रमाणात तुटतो, सीटी (पीसीआरच्या कितव्या फेरीला विषाणू दिसला तो आकडा) पुढे सरकतो. भरपूर विषाणू असतील तर बिघडत नाही, पण काठावरचं पॉझिटिव्ह निगेटिव्ह होऊ शकतं. तिथे तापवण्याऐवजी आरएनए काढण्याच्या किटमधला ग्वानिडिनियमयुक्त लायसिस बफर वापरा. तो विषाणूही फोडतो आणि आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमांनाही गप्प करतो. पण त्याला ब्लीच लागू देऊ नका, विषारी वायू निघतो. हे वाक्य लाल शाईने लिहून ठेवा.

७. आपल्या यंत्रावर पडताळणी करा

वर लिहिलेलं सगळं दिशादर्शक आहे. तुमच्या रीएजंटवर, तुमच्या बाथवर नेमकं किती बदलतं ते तुम्हालाच काढावं लागेल. संसर्गजन्य नसलेली, तपासणी होऊन उरलेली सीरम घ्या. वीस तरी हवीत, चाळीस जमली तर उत्तम, आणि त्यात निम्मी तरी नॉर्मलबाहेरची असू द्या. नुसती निरोगी सीरम घेतलीत तर सीके ८० चा १० झाला काय आणि २० झाला काय, कोणाच्या लक्षात येणार?

प्रत्येक सीरमचे दोन भाग करा. एक तापवा. दुसरा तसाच झाकण लावून टेबलावर तेवढाच वेळ ठेवा. तो फ्रिजमध्ये टाकलात, तर मोजलेला फरक उष्णतेचा की वेळेचा हे सांगता येणार नाही. मग दोन्ही भाग एकाच बॅचमध्ये, एकामागोमाग एक लावा. फरकाची टक्केवारी काढा आणि तुमच्या प्रयोगशाळेने त्या तपासणीसाठी ठरवलेल्या परवानगीयोग्य चुकीशी ताडून पाहा. सरासरीवर समाधान मानू नका, प्रत्येक जोडी स्वतंत्र पाहा.

क्यूसीचा विकत मिळणारा कंट्रोल (ठाऊक आकड्यांचा नमुना) तापवून ही पडताळणी उरकण्याचा मोह टाळा. त्यातली एन्झाइमं अनेकदा प्राण्यांची असतात, ती माणसाच्या एन्झाइमांसारखी वागत नाहीत.

८. रिपोर्टवर काय लिहायचं

तापवलेल्या सॅम्पलचा प्रत्येक रिपोर्ट तसं सांगणारा हवा : ‘सीरम ६० अंशांवर ६० मिनिटं तापवून तपासलं आहे’. ज्या तपासण्या पडताळणीत नापास झाल्या त्यांचा आकडा द्यायचाच नाही, तिथे ‘तापवलेल्या सॅम्पलवर ही तपासणी करता येत नाही’ एवढंच. वॉर्डातून आग्रह होतो, “अंदाजे तरी सांगा.” सांगू नका. तुमचा अंदाजे सीके केस पेपरवर चढला की त्याच्या मागचं ‘अंदाजे’ गळून पडतं. आणि पूर्वीचे रिपोर्ट न तापवलेल्या सीरमचे असतील, तर आजच्या आकड्याशी त्यांची तुलना करू नये हेही लिहा, नाहीतर एएलटी ‘सुधारतोय’ असं वाटून कोणीतरी खूश होईल.

९. तापवल्याशिवाय भागतं का?

पुष्कळदा भागतं. बंद नळीतून स्वतः सॅम्पल घेणारा ॲनालायझर, कॅबिनेट, झाकणबंद सेंट्रीफ्यूज आणि शिकलेली माणसं असतील, तर अनेक संसर्गांसाठी न तापवता काम करता येतं, आणि माझं मत विचाराल तर शक्य तिथे तेच करावं. कुठल्या जंतूसाठी कुठली सुरक्षा पातळी हे मात्र तुमच्या जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी ठरवायचं, तुम्ही-मी नव्हे. काही ठिकाणी ट्रायटन एक्स-१०० सारखं डिटर्जंट वापरतात. ते आवरणवाल्या विषाणूंचं आवरण विरघळवतं आणि बऱ्याच एन्झाइमांना उष्णतेपेक्षा कमी त्रास देतं, पण सीरममधली प्रथिनं त्याचा जोर कमी करतात आणि मिसळलेल्या द्रवामुळे सॅम्पल थोडं पातळ होतं. त्याचीही पडताळणी वरच्याच पद्धतीने करावी लागते.

त्या पहिल्या रुग्णाचं पुढे असं झालं : परवानगी घेऊन, न तापवलेल्या सीरमवर, कॅबिनेटमध्ये तयारी करून सीके पुन्हा लावला. ॲनालायझरने आकडा दिलाच नाही, मोजमापाच्या वरच्या मर्यादेबाहेर म्हणून डायल्यूशन, म्हणजे सॅम्पल पातळ करून, मागितलं.